यंत्राच्या भाषेचे व्याकरण

भोपाळ शहराच्या पूर्व अंगास पिपलानी नावाची वसाहत आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याच्या आश्रयाने गोविंदपुरा, बरखेडा व पिपलानी येथे कामगारांची घरे उभी राहिली. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही आली. अशा कुटुंबातील मूल घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी बोलते आणि शाळेत इंग्रजी वाचते. तीन भाषांचा हा संसार ते सहज चालविते. अडखळते ते व्याकरणाच्या तासाला.

घरी आजोबांनी शिकविलेले असते की, व्यक्तीच्या अगर वस्तूच्या नावास 'नाम' म्हणतात. हिंदीच्या पुस्तकात त्यालाच 'संज्ञा' म्हटलेले असते. मराठीत मात्र संज्ञा म्हणजे शास्त्रातील ठरीव शब्द. आजोबांचे 'उभयान्वयी अव्यय' हिंदीत 'समुच्चयबोधक' होते आणि 'केवलप्रयोगी' अव्ययाचे 'विस्मयादिबोधक' होते. वस्तू एक, नावे दोन. पुढे अकरावीत संगणकशास्त्र हा विषय घेतला की पायथन नावाची आणखी एक भाषा पुढ्यात येते. तिलाही वाक्यरचना आहे, शब्द आहेत, विरामचिन्हे आहेत आणि चुका तर पावलोपावली आहेत. ही चौथी भाषा पाहून पुष्कळ मुले मनाशी ठरवून टाकतात की, हे आपले काम नव्हे. हे चांगले इंग्रजी येणाऱ्यांचे काम.

या समजुतीत तथ्य किती? आजोबांच्या व्याकरणाचा या नव्या भाषेच्या अभ्यासात काही उपयोग होईल काय? नाम, क्रियापद, कर्म, अव्यय या जुन्या शब्दांनी यंत्राच्या भाषेचे वर्णन करता येईल काय? आणि केले, तर ते कोठवर खरे ठरेल?

एका भाषेच्या व्याकरणातील संज्ञा दुसऱ्या भाषेस लावण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आले. 'ख्रिस्तपुराण' रचणारे कवी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. त्यांनी कोंकणीचे एक व्याकरणही लिहिले. ते पोर्तुगीज भाषेत असून त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. युरोपातून आलेल्या अशा पंडितांच्या हाताशी लॅटिन व्याकरणाचा साचा होता. त्याच साच्यातून ते येथील भाषांकडे पाहू लागले. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. या साऱ्या प्रवासात संस्कृत, लॅटिन व इंग्रजी या तीन घरांतील भांडी मराठीच्या स्वयंपाकघरात आली. काही चपखल बसली, काही फडताळातच राहिली.

एक उदाहरण घेऊ. इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस' या संज्ञेस आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. पण 'रामाने आंबा खाल्ला' हे मराठीतील सरळ कर्मणी वाक्य इंग्रजीत नेले की ते साधे कर्तरी होते. संज्ञा एक असली तरी भाषेतील वस्तू एक असतेच असे नाही. तात्पर्य, उसन्या संज्ञेने वाट दिसते. मात्र ती वाट दुसऱ्याच्या गावची आहे हे विसरता कामा नये.

आता यंत्राकडे वळू. संगणकाच्या आज्ञावलीस 'भाषा' म्हणण्याची रूढी पडली आणि भाषा म्हटली की तिच्या मागोमाग व्याकरण आले. ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीच्या कार्यातून प्रेरणा घेऊन १९५९-६० च्या सुमारास 'कोबोल' ही भाषा तयार झाली. कारखान्यांचे पगारपत्रक व बँकांचे हिशेब यांसाठी ती योजिलेली होती. तिच्या रचनाकारांनी व्याकरणातील नावे उघडपणे स्वीकारली. बेरीज कर, हलव, लिही अशा आज्ञांना तेथे क्रियापदे म्हणतात. आज्ञांचे वाक्य होते, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम येतो, वाक्यांचा परिच्छेद होतो आणि परिच्छेदांचे प्रकरण होते.

त्याच सुमारास आणखी महत्त्वाची घटना घडली. जॉन बॅकस यांनी १९५९ साली एक लेखनपद्धती मांडली आणि पीटर नाउर यांनी १९६० च्या 'अल्गोल' भाषेच्या अहवालात ती सुधारून वापरली. तिचे तत्त्व सोपे आहे. 'संख्या म्हणजे काय?' असे विचारले तर उत्तर द्यावयाचे: 'संख्या म्हणजे एक अंक, किंवा एक अंक व त्यापुढे संख्या.' ५ हा अंक आहे, म्हणून ती संख्या. ५६ मध्ये ५ हा अंक व पुढे ६ ही संख्या, म्हणून तीही संख्या. एवढ्याशा नियमात कितीही लांबीची संख्या सामावते. अशा थोड्या नियमांनी संपूर्ण भाषेतील सर्व शुद्ध वाक्ये बांधता येतात आणि अशुद्ध वाक्य हुडकून काढता येते.

पाणिनीची अष्टाध्यायी ज्यांनी थोडीफार चाळली असेल, त्यांना येथे ओळखीचा सूर लागेल. सुमारे चार हजार सूत्रांत पाणिनीने संस्कृत भाषा बांधली. सर्व स्वरांना 'अच्' आणि सर्व व्यंजनांना 'हल्' अशी आखूड नावे दिली. वरच्या सूत्रातील शब्द खालच्या सूत्रात पुन्हा न लिहिता ओढून घेण्याची सोय केली. तिला अनुवृत्ती म्हणतात. सामान्य नियम आधी सांगून विशेष स्थळी अपवादाने त्यास बाध आणला. हे साम्य ध्यानी घेऊन पी. झी. इंगरमन यांनी १९६७ साली अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या नियतकालिकास पत्र लिहिले आणि या लेखनपद्धतीस 'पाणिनी-बॅकस' असे नाव द्यावे अशी सूचना केली. ती सूचना सर्वमान्य झाली नाही. परंतु व्याकरण हे यंत्राच्या शास्त्रात केवळ अलंकार म्हणून आलेले नाही, याची ती साक्ष आहे.

येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे. 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असे वाक्य वारंवार कानी येते. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ सालच्या एका लेखात आहे. वाक्याचा अर्थ उकलून सांगण्याची संस्कृत शास्त्रकारांची रीत आणि यंत्रात ज्ञान साठविण्याची आधुनिक रीत यांत साम्य आहे, एवढे त्यांनी दाखविले. संस्कृतात आज्ञावली लिहावी असे त्यात सिद्ध झालेले नाही. पाणिनीचे थोरपण एवढे अस्सल आहे की त्यास अतिशयोक्तीचा टेकू नको. त्याच्या कारकविचाराचा उपयोग करून हिंदी आदी भारतीय भाषांची वाक्ये यंत्राकडून उकलून घेण्याचे काम आपल्या देशात झाले आहे. विनीत चैतन्य व राजीव संगल यांचा १९९५ सालचा ग्रंथ त्याचे प्रमाण आहे.

मात्र व्याकरणाच्या संज्ञा सर्वांत निष्ठेने वापरल्या त्या केनेथ आयव्हरसन या कॅनेडियन गणितज्ञाने. रॉजर हुई यांच्या सहकार्याने त्यांनी १९९० साली 'जे' ही भाषा सिद्ध केली. या भाषेत संख्या व याद्या ही नामे आहेत. बेरीज, वजाबाकी ही क्रियापदे आहेत. क्रियापदास लागून त्याचे नवे क्रियापद करणारे चिन्ह ते क्रियाविशेषण. दोन पदांना सांधून एक करणारे ते उभयान्वयी. नामास नाव देणारे चिन्ह ते 'आहे' या अर्थाचे संयोजक. आणि क्रियापदाला नामासारखे वागविले की ते धातुसाधित नाम.

उदाहरण पाहू. अधिक हे चिन्ह (+) क्रियापद आहे. त्याच्यामागे तिरकी रेघ (/) लावली की 'प्रत्येक दोहोंच्या मध्ये ही क्रिया घाल' असा अर्थ होतो. म्हणून +/ ५ ७ ९ असे लिहिले की उत्तर २१ येते. या भाषेत % म्हणजे भागाकार आणि # म्हणजे मोजणी. तेव्हा (+/ % #) या कंसातील तीन क्रियापदांचा अर्थ झाला: 'बेरीज भागिले मोजणी', अर्थात सरासरी. ५, ७, ९ यांची सरासरी ७. कोठे कर्त्याचे नाव नाही, कर्माचे नाव नाही. क्रियापदांचीच ओळ आणि तरी अर्थ पुरा.

या भाषेत वजा या चिन्हापुढे एकच संख्या असेल तर ते तिचे चिन्ह उलटते. दोन्ही बाजूंस संख्या असतील तर वजाबाकी करते. मराठी व्याकरण शिकलेल्यास यात नवल वाटणार नाही. 'तिने बोट कापले' आणि 'तिचे बोट कापले' या दोन वाक्यांत कापणे हे क्रियापद एकदा सकर्मक व एकदा अकर्मक आहे. अशा धातूस आपण उभयविध म्हणतो. 'जे' भाषेतील बहुतेक क्रियापदे या अर्थाने उभयविधच होत.

आता संज्ञेची परीक्षा घेऊ. 'हळू चाल' म्हटले तरी चालणे हे चालणेच राहते; क्रियाविशेषण फक्त रीत सांगते. परंतु तिरक्या रेघेने बेरजेचे एक निराळेच क्रियापद केले: दोन संख्या मिळविणे याऐवजी सबंध यादी मिळविणे. मराठीत याला जवळचे उदाहरण आहे ते प्रयोजकाचे. 'बसणे' या धातूस प्रत्यय लागून 'बसविणे' होते, 'करणे' याचे 'करविणे' होते. जुन्यातून नवा धातू निघतो. आयव्हरसन यांच्यापाशी इंग्रजी व्याकरण होते, म्हणून त्यांनी क्रियाविशेषण म्हटले. मराठी शिक्षक त्याला धातुसाधक प्रत्यय म्हणेल आणि ते अधिक नेमके होईल. आपल्या व्याकरणाचा उपयोग आहे तो हा. परक्या संज्ञेचे नुसते भाषांतर करण्याऐवजी वस्तू पाहून आपल्या घरातील योग्य शब्द काढता येतो.

पिपलानीतील विद्यार्थ्यास 'जे' शिकावयाची नसते. त्यास पायथन शिकावयाची असते. तेथेही ही दृष्टी कामास येते. त्याची पहिली ठेच बहुधा एका ओळीवर लागते: क्ष = क्ष + १. बीजगणिताच्या तासाला हे विधान खोटे असते. कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी असू शकत नाही. मग संगणकाच्या तासाला ते खरे कसे? उत्तर व्याकरणात आहे. येथे बरोबरचे चिन्ह 'आहे' या अर्थाचे नाही. ते आज्ञार्थी आहे: 'क्षच्या जुन्या किमतीत एक मिळव आणि ती क्षला दे.' बरोबरची दोन चिन्हे जोडून (==) लिहिली की वाक्य प्रश्नार्थक होते: 'या दोन किमती समान आहेत काय?' एक हुकूम, दुसरा प्रश्न. एवढे सांगितले की मुलाच्या कपाळावरची आठी जाते.

'जर-तर' हे दुसरे स्थळ. मराठीत 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' हे संकेतार्थी वाक्य ऐकताच कळते की पाऊस पडला नाही. त्या वाक्यात शेतकऱ्याचे दुःख आहे. यंत्राच्या 'जर'मध्ये असे काही नसते. ते फक्त विचारते आणि उत्तराप्रमाणे वाट धरते. तसेच आज्ञार्थाचे. मराठीत 'कर', 'बस', 'लिही', 'लिहा', 'लिहावे' अशी मानाची उतरंड आहे. यंत्राशी मात्र सदैव एकेरी बोलावे लागते. त्यास रागलोभ नाही.

चुकांच्या बाबतीत तर आपल्या शास्त्रकारांची शिकवण फारच उपयोगी पडते. शब्दसमूहातून वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधी या तीन गोष्टी लागतात, असे न्यायशास्त्र सांगते. 'मी बाजारातून' एवढेच म्हणून कोणी थांबला तर ऐकणारा पुढील शब्दाची वाट पाहतो, ती आकांक्षा. आज्ञावलीत कंस उघडून मिटविला नाही की यंत्र असेच खोळंबते व चूक दाखविते. 'तो अग्नीने झाडे शिंपतो' या वाक्यात पदे सर्व आहेत, विभक्ती शुद्ध आहे, परंतु अग्नीने शिंपणे संभवत नाही. तेथे योग्यता नाही. अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर आणि संख्या यांची पायथनमध्ये बेरीज करू गेल्यास यंत्र नकार देते तो याच कारणाने. आणि एक शब्द सकाळी व दुसरा सायंकाळी उच्चारला तर वाक्य होत नाही. पदे जवळ हवीत, ती संनिधी. पायथनमध्ये एका 'जर'च्या पोटातील ओळी सारख्याच अंतराने आत सरकवून लिहाव्या लागतात. एक ओळ बाहेर राहिली की तिचा संबंध तुटतो. तीन चुका, तीन नावे. 'प्रोग्राम चालत नाही' असे म्हणून हताश बसणाऱ्या मुलाला 'आकांक्षा अपुरी आहे की योग्यता?' असा प्रश्न करता आला, तर अर्धे काम झाले.

विरामचिन्हांचेही तसेच. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हे इंग्रजीवरून एकोणिसाव्या शतकात आली व त्या कामी मेजर कँडी यांनी मोठे परिश्रम घेतले. मराठी वाक्यात अर्धविराम विसरला तरी वाचक सांभाळून घेतो. 'सी' भाषेत तो विसरला तर सारी आज्ञावली परत येते.

कारखान्यांत व कचेऱ्यांत मोठ्या आज्ञावलींचा आराखडा करतानाही व्याकरणाचा उपयोग होतो. रसेल ॲबट यांनी १९८३ साली सुचविले की, काम काय आहे ते आधी साध्या भाषेत लिहावे. त्यातील नामांवरून वस्तू ठरतात आणि क्रियापदांवरून त्या वस्तूंच्या क्रिया ठरतात. वसाहतीच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्यावे. 'सभासद पुस्तक नेतो, मुदतीत परत करतो, उशीर झाल्यास दंड भरतो.' सभासद, पुस्तक, मुदत, दंड ही नामे. नेणे, परत करणे, भरणे ही क्रियापदे. आराखडा तयार झाला. पण येथेही डोळे उघडे हवेत. 'परतफेड' हे रूपाने नाम आहे, अर्थाने क्रिया आहे. केवळ रूप पाहून वर्गवारी करणारा येथे फसतो.

सर्वांत मोठा भेद शेवटी सांगितला पाहिजे. माणसाची भाषा आधी जन्मली व व्याकरण मागाहून आले. दादोबांनी नियम केले म्हणून लोक मराठी बोलू लागले नाहीत. यंत्राच्या भाषेत नियम आधी व वाक्य मागून. 'रामाने गोविंदाला त्याचे पुस्तक दिले' या वाक्यात पुस्तक कोणाचे, हे आपण प्रसंगावरून ओळखतो. यंत्राला प्रसंग नाही. तेथे प्रत्येक नावाची किंमत ठरलेली हवी. माणूस चूक पोटात घालतो, यंत्र घालीत नाही. म्हणून यंत्राची भाषा ही माणसाच्या भाषेची धाकटी बहीण म्हणण्यापेक्षा तिच्या घरी राहून व्याकरण तेवढे शिकून गेलेली विद्यार्थिनी म्हणणे अधिक योग्य होईल.

तरीही हे नाते खोटे नव्हे. नाम व क्रियापद यांतील भेद ज्याला मातृभाषेत कळला, त्याला तो कोणत्याही भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागत नाही. पिपलानीच्या घरात संध्याकाळी आजोबा नातवाची वही पाहत असतील, तर वहीतली इंग्रजी अक्षरे पाहून त्यांनी ती बाजूस सारू नये. 'यातले क्रियापद कोणते? कर्म कोणते? वाक्य पुरे झाले काय?' एवढे तीन प्रश्न त्यांनी मराठीत विचारावे. नातवाला उत्तर शोधावे लागेल, आणि शोधताना त्याला उमगेल की, इंग्रजी कच्चे म्हणून जी विद्या आपली नव्हे असे वाटत होते, तिच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडणारी वाट आपल्याच घरातून निघाली आहे.